टॉर्क्विल या नावासाठी सतराशे मैल

भाचा पाच दिवसांचा झाला तेव्हा माझ्या धाकट्या भावाने, निनादने, वॉशिंग्टनजवळच्या अ‍ॅशबर्नहून फोन केला. पहिलंच वाक्य होतं, "ताई, नाव भरून झालंय. मी खाली कार सीट बसवत होतो."

मला समजायला थोडा वेळ लागला. आमच्या नागपूरच्या घरी बाळाला पहिले बारा दिवस कुणी नावाने हाक मारत नाही. मग बारसं होतं, आत्या पाळण्यावर वाकून बाळाच्या कानात नाव सांगते आणि तिथून ते नाव सगळ्यांचं होतं. निनाद धरून चालला होता की अमेरिकेतही तेवढी सवड असते. इथे दुसऱ्याच दिवशी हॉस्पिटलची बाई जन्मदाखल्याचा फॉर्म घेऊन खोलीत येते. त्या वेळी निनाद पार्किंगमध्ये बाळाच्या कार सीटच्या पट्ट्यांशी झटत होता. वर त्याची बायको मेगन होती. तिने पेन घेतलं आणि 'टॉर्क्विल' लिहिलं. मधलं नाव आपल्या पद्धतीने, बापाचं.

"तिच्या वडिलांचं नाव," निनाद म्हणाला. "स्कॉटिश. यार ताई, ऑफिसात माझ्या नावाचं इतकी वर्षं काय होतंय ते तुला माहितीये. पोराच्या वाट्यालाही तेच?"

"आई काय म्हणते?"

"फार अपसेट आहे. म्हणते, तोंडात बसत नाही. हे बघ, मेगनला ही आत्याची प्रथा प्रचंड आवडलीये. सगळ्यांना सांगत फिरते. तू नको म्हणालीस तर ती ऐकेल. फॉर्म बदलता येतो, मी वाचलंय. तू फक्त त्या नावात काहीतरी शोध."

"काहीतरी म्हणजे?"

"काहीतरी चुकीचं. तुझं कामच आहे ना ते."

ते खरं आहे. मी मिशिगनमध्ये, नोव्हायला, गाड्यांच्या ब्रेकच्या चाचण्या घेते. भाग तुटला की तो का तुटला हे शोधायचं आणि तसं लिहून द्यायचं. मेगनला सातवा महिना असताना निनादने नावांचा एक तक्ता केला होता, त्यातले रकाने मीच आखून दिले होते: आजीला म्हणता येतं का, शाळेतल्या बाईंना म्हणता येतं का, दोन्हीकडे अर्थ बरा आहे का. नील, जय, रोहन. इथल्या अर्ध्या मराठी घरांत हीच तीन मुलं राहतात. टॉर्क्विल त्या तक्त्यात नव्हतं.

तपासल्याशिवाय मी मत देणार नाही, असं मी सांगितलं. तीन दिवसांची सुट्टी टाकली. नाहीतरी त्या आठवड्यात मला घरात बसवत नव्हतं. कपडे वाळत घालायला उठायचे आणि गाडीची किल्ली हातात घेऊन उभी असायचे.

निघण्याआधी जे हाती लागलं ते असं. नाव मुळात व्हायकिंगांचं. थॉर हा त्यांचा विजेचा देव, आणि नावाचा दुसरा तुकडा म्हणजे हंडा, मोठं भांडं. त्यांच्या होड्या स्कॉटलंडच्या पश्चिमेच्या बेटांवर पोचल्या, तिथल्या गेलिक भाषेने ते नाव वळवून घेतलं, पुढे इंग्रजीने आणखी वळवलं. अठराव्या शतकात तिथले लोक जहाजांनी नॉर्थ कॅरोलिनात आले आणि हे नावही आलं. लोकप्रियतेचं म्हणाल तर, इथलं सरकार दरवर्षी बाळांच्या नावांची यादी काढतं, पण ज्या नावाची पाचांपेक्षा कमी बाळं असतात ते नाव यादीत घेत नाही. मी उघडलेल्या एकाही वर्षात टॉर्क्विल नव्हतं. याचा अर्थ शून्य असा होत नाही. शून्य ते चार, असा होतो.

गुरुवारी पहाटे नोव्हायहून निघाले. अ‍ॅशबर्न साधारण सव्वापाचशे मैल आहे, थांबे धरून नऊ तास. हा रस्ता करणार असाल तर टोलचा ट्रान्सपाँडर, म्हणजे इथला फास्टॅग, आधीच घ्या. पेनसिल्व्हेनियात पैसे घ्यायला माणूसच नाही, कॅमेरा नंबर प्लेट वाचतो आणि बिल घरी येतं, तेही जास्त दराने. ओहायोचा टप्पा सपाट आणि कंटाळवाणा आहे. मी दाण्याची चटणी लावलेल्या पोळीच्या गुंडाळ्या नेल्या होत्या, त्या एका हाताने खाता येतात. पिट्सबर्गच्या पुढे डोंगर सुरू होतात. ऑक्टोबरमध्ये ते लाल-पिवळे असतात, फोटोंत दिसतात तसेच. अ‍ॅलेगेनीचा बोगदा ओलांडला की तासाभरात ब्रीझवूड येतं. तिथे दोन महामार्गांच्या मध्ये चक्क सिग्नल आहे, आणि त्या सिग्नलच्या जिवावर पेट्रोल पंपांचं एक गाव उभं आहे. स्वच्छतागृह तिथेच उरका.

अ‍ॅशबर्नला पोचले तेव्हा मेगन सोफ्यावर बाळाला घेऊन बसली होती. तिने मला बसूही दिलं नाही, बाळ थेट हातात दिलं.

"ही बघ तुझी आत्या," ती बाळाला इंग्रजीत म्हणाली. 'आत्या' मात्र मराठीत. निनाद स्वयंपाकघरातून माझ्याकडे बघत होता. तो बाळाला 'बाळ' म्हणत होता, 'हा' म्हणत होता, 'साहेब' म्हणत होता.

मी मेगनला सरळच सांगितलं, "मी अजून हो म्हटलेलं नाही. आधी मला नावाची माहिती काढायचीये."

मला वाटलं तिला राग येईल. ती म्हणाली, "मग नॉर्थ कॅरोलिनात जाऊन रूथला भेट. माझ्या बाबांची बहीण. म्हणजे माझी आत्याच की. बाबांच्या घरात पिढ्यान् पिढ्या एक तरी टॉर्क्विल असतोच, तिला सगळे पाठ आहेत." मेगनचे वडील दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांच्याबद्दल ती त्या दिवशी एवढंच बोलली.

शुक्रवारी पहाटे पाचलाच निघाले. वॉशिंग्टनहून दक्षिणेला जाणारा महामार्ग सकाळी सहानंतर रस्ता राहत नाही, वाहनतळ होतो. रिचमंड ओलांडलं, राज्याची हद्द ओलांडली. फेएटव्हिलच्या पुढे मोठा रस्ता सोडला की जमीन वाळूची होते आणि दोन्ही बाजूंना उंच, सडसडीत पाइन लागतात. फोनची रेंज येते-जाते, नकाशा आधीच उतरवून ठेवा. रूथनी दुपारी चारची वेळ दिली होती.

रूथ सत्तरी ओलांडलेल्या, गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेल्या बाई निघाल्या. त्यांनी मला घरात घेतलंच नाही. पोर्चवरच हातात आइस्ड टीचा ग्लास दिला आणि म्हणाल्या, "नाव तपासायला मिशिगनहून आलीस? गाडीने?"

"हो."

"आमच्याकडे जावई तपासायलाही कुणी एवढ्या लांब जात नाही, हनी. चल, उजेड आहे तोवर."

जुन्या लाकडी चर्चच्या मागे त्यांच्या घराण्याची दफनभूमी आहे. रूथनी गाडीतून पाण्याच्या दोन बाटल्या आणि मऊ ब्रश काढला. झिजलेल्या दगडावर खडू घासायचा नाही, त्याने दगड खराब होतो. नुसतं पाणी ओतायचं. ओल्या दगडावर तिरपा उजेड पडला की अक्षरं वर येतात. त्यांनी एकेक दगड भिजवत मला तिथले टॉर्क्विल दाखवले. मेगनच्या वडिलांचा दगड नवा होता, त्याला पाणी लागलं नाही. त्यांचे आजोबा, त्या आजोबांचे चुलते. मी वहीत लिहून घेत होते. सगळे म्हातारे होऊन गेलेले. चुकीचं काही नव्हतं.

कुंपणाजवळ हातभर उंचीचे तीन दगड एका ओळीत होते. रूथ तिकडे वळल्या नाहीत. मी एक बाटली घेतली आणि गेले.

पहिल्यावर पाणी ओतलं. टॉर्क्विल, वय नऊ दिवस. दुसऱ्यावर टॉर्क्विल, वय चार महिने. तिसऱ्यावर टॉर्क्विल, वय दोन वर्षं. तिन्हींवर आईबापांची नावं तीच.

मी तिन्हींवर पुन्हा पाणी ओतलं. एकदा वाचून मी काही लिहीत नाही.

रूथ मागे येऊन उभ्या राहिल्या. "तेव्हा तसं करायचे," त्या म्हणाल्या. "एक गेला की पुढच्याला तेच नाव. नाव आजोबांचं, ते जायला नको. मेगनला मी या कोपऱ्यात कधी आणलं नाही."

"आणि मग?"

"मग चौथा झाला. त्यालाही तेच." त्यांनी हनुवटीने दफनभूमीच्या मध्यावरच्या मोठ्या दगडाकडे खूण केली. "एक्याऐंशी वर्षं जगला. आम्ही सगळे त्याचे." मग त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे काय करतात? असं झालं तर?"

मी सहसा घरचं बाहेर सांगत नाही. पण सांगितलं. माझ्या पणजोबांचं नाव धोंडू. त्यांच्या आधीची दोन मुलं गेली होती. आमच्याकडे अशा वेळी पुढच्याला मुद्दाम दगडधोंड्याचं नाव द्यायचे. म्हणजे ते मूल न्यावंसं कुणाला वाटणार नाही.

"बाळाला दगड म्हणायचं?"

"हो."

"त्याने काम झालं?"

"शहाऐंशी वर्षं."

रूथ हसल्या. "म्हणजे तुम्ही मूल लपवून ठेवलंत आणि आम्ही मरणाशी भांडत बसलो." मग त्यांनी ब्रश झटकला. "मेगनला सांगणार आहेस?"

सांगायचं की नाही हा प्रश्न मला कामात कधी पडत नाही.

रात्रीपुरतं महामार्गाजवळच्या एका मोटेलमध्ये राहिले. दर बरा होता, खोली स्वच्छ. मालक गुजराती. "कामासाठी आलात?" त्यांनी हिंदीत विचारलं. मी म्हणाले, एका नावाची माहिती काढायला. ते म्हणाले, "जमिनीच्या कागदांवरचं?" मी हो म्हणून टाकलं. शाकाहारी असाल तर या भागात वांधे आहेत. घेवडाही डुकराच्या चरबीत शिजवतात, विचारून घ्या. मालकांच्या बायकोने न मागता थेपले दिले.

तिथून आईला फोन लावला. नागपुरात शनिवारची सकाळ झाली होती.

"काय करून राहिली तू तिकडे? निनाद सांगे, नावाच्या मागं लागली म्हणून."

"आई, तुला ते नाव पसंत नाहीये ना?"

"मला? मी कशाला काही म्हणू? मी फक्त इचारलं, लिहायचं कसं. वहीत दहा वेळा गिरवलं मी. अर्थ काय गं त्याचा?"

"इंद्राचा हंडा, असं समज."

"मंग? द्रोणाचार्य काय होते? द्रोण म्हणजे भांडंच नं. चांगलं आहे की." आईने शाळेत तीस वर्षं संस्कृत शिकवलंय. तिच्याशी नावांवरून वाद घालण्यात अर्थ नसतो. "निनादच मला म्हणे, आई तू नाही म्हण. मी म्हटलं, मी नाही म्हणत बुवा."

मी फोन ठेवला. तीन दगडांचं तिला सांगितलं नाही. ते आधी मेगन-निनादने ऐकायचं होतं.

शनिवारी दुपारी अ‍ॅशबर्नला परतले. निनाद गॅरेजमध्ये बारशासाठी भाड्याने आणलेल्या खुर्च्या पुसत होता. आमचं बारसं बाराव्या दिवशी नव्हतंच, अमेरिकेत ते बाराव्या दिवसाच्या जवळच्या रविवारी होतं.

"आई अपसेट नाहीये," मी म्हणाले.

तो खुर्ची पुसत राहिला. "बरं. मी आहे."

"मग तसं सांगायचंस."

"काय सांगू? तिचे बाबा गेलेत. ती रडते ताई, अजून. तिला मी कुठल्या तोंडाने सांगू की त्या नावात मी कुठेच नाहीये?"

"मधलं नाव तुझं आहे."

"मधल्या नावाने कोण हाक मारतं?" त्याने फडका टाकला. "तुला काही सापडलं?"

मी सांगितलं. तीन दगड, तीन वयं, चौथा एक्याऐंशी. शिवाय रूथना सांगितलेलं धोंडूचंही सांगितलं, कारण तो त्यांचा प्रश्न होता आणि उत्तर आमच्या घरातलं होतं.

निनादने पुसलेली खुर्ची मिटून भिंतीला टेकवली. मग म्हणाला, "झालं. हे पुरे आहे. तिला हे सांग."

"सांगणार आहे. पण सगळं. चौथ्यासकट."

मेगन बाळाला पाजत होती. मी समोर बसले आणि वहीतून वाचल्यासारखं सांगितलं. तिने मध्ये एकच प्रश्न विचारला. "पहिला किती दिवसांचा होता?"

"नऊ."

आमचं बाळ दहा दिवसांचं होतं. हे माझ्या लक्षात आलं, पण शब्द तोंडातून गेल्यावर. मेगनने बाळाला छातीशी घट्ट धरलं, उठली आणि वर गेली. दार लागल्याचा आवाज आला.

मला वाटलं होतं निनाद सुटल्यासारखा दिसेल. तो माझ्यावर उखडला. "नऊ कशाला सांगितलंस?"

"तिने विचारलं."

"म्हणून काहीही सांगायचं? माणसं आहेत ती ताई, तुझे ब्रेक नाहीत." तो दोन-दोन पायऱ्या चढत वर गेला.

मी बाहेर पडले. अ‍ॅशबर्नमध्ये चालायला फारसं काही नाही. घरांची रांग संपली की डेटा सेंटरं सुरू होतात, खिडक्या नसलेल्या लांबलचक इमारती, एकसुरी घरघर करणाऱ्या. त्यांच्या कडेने मी चार मैल चालले. माझी माहिती बरोबर होती, क्रमही बरोबर होता. तरी परत फिरायला पाय तयार नव्हते. गाडी काढून थेट नोव्हाय गाठावं, असंही दोनदा मनात येऊन गेलं. बॅग गाडीतच होती.

परतले तेव्हा खाली कुणी नव्हतं. वरून दोघांच्या बोलण्याचा आवाज येत होता, हळू. मी हॉलमध्ये झोपले.

रविवारी सकाळी उठले तर निनाद कुकर लावत होता, घुगऱ्यांचे हरभरे. मेगन टेबलाशी बसली होती, डोळे सुजलेले.

"मी रूथशी बोलले," ती म्हणाली. "मी त्या बाईचा विचार करतेय. तिने चौथ्यांदा तेच नाव सांगितलं. ती घाबरली नसेल?"

"घाबरली असेल," मी म्हणाले.

"निनादने मला तुमच्या पणजोबांचं सांगितलं. त्यांच्या आईचंही. ती त्यांना दारातून मोठ्याने हाक मारायची म्हणे, धोंड्या, ए धोंड्या, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी."

हे मला माहीत नव्हतं. मी निनादकडे पाहिलं. "आजोबांनी मला सांगितलं होतं," तो कुकरकडे बघत म्हणाला. "तू कधी असलं ऐकत बसायचीस?"

"मी फॉर्म बदलायला तयार आहे," मेगन म्हणाली. "ठेवायलाही. आम्ही दोघांनी ठरवलंय की आज तू जे कानात सांगशील ते. तुमची पद्धत तीच आहे ना?"

"निनाद?"

"मला विचारू नकोस. शिट्ट्या मोजतोय मी."

दुपारी माणसं जमली, वीसेक. शेजारच्या काकूंनी पाळणा सजवला होता, म्हणजे खरं तर ऑनलाइन मागवलेल्या बेसिनेटला झेंडूची प्लास्टिकची तोरणं बांधली होती. आई फोनच्या पडद्यावर, स्टँडवर लावलेली. 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' झालं. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

चुकीचं काहीतरी शोध म्हणून मला पाठवलं होतं. जे सापडलं त्याला चूक म्हणता येत नव्हतं, आणि ठीक आहे असंही म्हणता येत नव्हतं. त्याला माझ्याकडे रकाना नव्हता. मी वाकले. बाळाच्या कानामागे तेलाचा वास येत होता. मागे मेगनचा श्वास ऐकू येत होता.

मी कुर्रर्र केलं आणि सांगितलं, "टॉर्क्विल."

पाठीत धपाटे बसले. रिवाजच आहे तो, आत्याच्या पाठीत सगळ्या बायकांनी मारायचं. काकूंचा हात भलताच जड. "ए, मोठ्याने सांग, आम्हाला पण कळू दे!" कुणीतरी ओरडलं. मी मोठ्याने सांगितलं. पडद्यावरून आईने पहिल्याच झटक्यात बरोबर म्हणून दाखवलं. मेगन रडत होती आणि घुगऱ्यांच्या वाट्या वाटत होती. तिला बसवायला दोन काकूंना जोर लावावा लागला.

सोमवारी परत निघाले, तोच रस्ता उलटा. उलट दिशेने डोंगर आधी येतात आणि सपाटी शेवटी, त्यामुळे झोप येते. टोलीडोच्या आधी एकदा थांबाच.

नोव्हायला येऊन आता तीन आठवडे झालेत. हिशोब करायचा तर, सतराशे मैल चालवून मी भाच्यासाठी तेच नाव आणलं जे फॉर्मवर आधीच लिहिलेलं होतं. परवा निनादशी बोलत होते, मागे रडणं सुरू झालं. "ठेवतो ताई, टॉर्क्विल उठला," तो म्हणाला आणि फोन ठेवला. त्याच्या आवाजात काही विशेष नव्हतं.

इथून हा प्रवास करणार असाल तर एप्रिल ते ऑक्टोबर बरा. डिसेंबरनंतर पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरांत बर्फ असतो, ट्रक आडवे होतात, बोगद्याच्या अलीकडे दोन-दोन तास अडकायला होतं. मी कुणालाही फेब्रुवारीत तो रस्ता करायला सांगणार नाही.

फेब्रुवारीत तो चार महिन्यांचा होईल, दुसऱ्या दगडावर आहे तेवढा. मी ऑफिसच्या कॅलेंडरवर तो आठवडा अडवून ठेवलाय आणि स्नो टायरची ऑर्डर दिलीय. निनादला कारण सांगितलेलं नाही. तो मराठी ब्लॉग वाचत नाही.